मोती धरून उचलायचं घड्याळ

दुपारचे अडीच वाजून गेलेत. शटर अर्ध्यावर ओढून मी वेताच्या खुर्चीत पाय पसरलेत. दोन ते चार दुकान बंद, हा आमच्या वडिलांचा, तात्यांचा नियम. तात्या गेल्यावर त्यांच्या नियमांपैकी हा एकच मी अगदी मनापासून पाळला. भिंतीवर सतरा घड्याळं चालू आहेत. डोळा लागायला लागला की ती एकेक करून ऐकू यायची थांबतात. आधी चिमुकली गजराची जातात, मग सेलवरची, सगळ्यात शेवटी तात्यांचं लंबकाचं. ते ऐकू येईनासं झालं की पद्माकर तांबट झोपले असं समजायचं.

समोर टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर इंदूसिस्टरांचं घड्याळ ठेवलंय. पाच वाजता त्यांची भाची अनुग्रहा ते न्यायला येणार आहे. सिस्टर गेल्या त्याला दीड वर्ष होईल. ज्या बायकांच्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म काढला, त्याचं हे शंभरावं वर्ष, आणि तिथल्या काचेच्या कपाटात हे घड्याळ कायमचं ठेवायचं ठरलंय. काका, एकदा साफ करून द्या आणि शेजारी ठेवायच्या कार्डावर दोन ओळी तुम्हीच लिहा, असं अनुग्रहानं सांगितलं होतं. साफसफाई झाली. ओळीही जेवायच्या आधीच लिहून ठेवल्यात, चांगल्या वळणदार अक्षरात: ‘मूळ विलायती कारागिराने या घड्याळाची तबकडी उलटी बसवली होती. ती चूक १९८१ साली नगरचे घड्याळजी पद्माकर तांबट यांनी दुरुस्त केली.’

वाचणाऱ्याला ही फुशारकी वाटेल. वाटू दे. त्रेचाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलोय आणि आता ती काचेच्या आत जाणार आहे. माणसाला आयुष्यात आणखी काय पाहिजे?

घड्याळ आहेच तसं. लिंबाच्या अर्ध्या फोडीएवढं, सोन्याचं, छातीवर पिनेनं लटकवायचं. दोन्ही कडांना निळ्या-पांढऱ्या मीन्याच्या दोन जलपऱ्या, वर कडीपाशी एक माणिक आणि खाली टपोरा, जरा वेडावाकडा मोती. बनवलंय दीडशे वर्षांपूर्वी, पण बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याच्याही तीनशे वर्षं आधीचे, युरोपातल्या राजवाड्यांतले दागिने होते. म्हणजे जुन्याची नक्कल. आता नक्कलच इतकी जुनी झालीय की तिला नक्कल म्हणायला जीभ रेटत नाही. दवाखान्याच्या मडमबाईंना ते त्यांच्या आजीकडून आलं होतं. मायदेशी परत जाताना त्यांनी ते सिस्टरांच्या हातात ठेवलं आणि बजावलं, की पेटीत ठेवायचं नाही, ड्यूटीवर लावायचं. सिस्टर हुकमाच्या पक्क्या. बाळंतिणींच्या गराड्यात, पांढऱ्याशुभ्र गणवेशावर, ते माणिकमोत्यांचं घड्याळ त्या रोज लावत.

गजराची घड्याळं गेली. सेलवरची गेली. लंबक एकदा ऐकू येतो. मग येत नाही.

शटरखालच्या फटीतून पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतले दोन पाय दिसतात. शटर वर जात नाही, वाजतही नाही, आणि इंदूसिस्टर आत आलेल्या असतात. चाळिशीतल्या. कडक इस्त्रीचा गणवेश, केसांचा घट्ट अंबाडा आणि डावीकडे जराशी कललेली मान. त्या गेल्या आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्यांच्या मातीला गेलो होतो, मूठभर माती मीही टाकली होती. पण हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवणं बरं दिसणार नाही, म्हणून मी नुसता स्टूल पुढे सरकवतो.

“झोपला होतास?” त्या विचारतात.

“छे,” मी म्हणतो. दुपारच्या झोपेबद्दल मी मेलेल्या माणसाशीही खोटंच बोलतो.

त्या बसत नाहीत. टेबलावर वाकून कार्ड वाचतात, अगदी सावकाश, पेशंटचा कागद वाचावा तसं. मी वाट बघतो. त्या म्हणतात, “अक्षर छान आहे तुझं.” आणि कार्ड होतं तिथेच ठेवतात. मला उगीचच घाम फुटतो.

मग त्या चालू लागतात आणि मी मागोमाग. माझं दुकान मुळात दहा फुटी. पण आज काउंटर संपतच नाही. त्याची कड हळूहळू पांढरी होत जाते, फिनेलचा वास यायला लागतो, आणि आम्ही दवाखान्याच्या लांबलचक वऱ्हांड्यात असतो. भिंतीवर माझीच सतरा घड्याळं आहेत. प्रत्येकाखाली एक पाळणा. पाळण्यांत कोण आहे ते दिसत नाही, पण कुणीतरी नुकतंच जन्मलंय हे कळतं, कारण रडणं अगदी कोवळं आहे.

“सरळ उभा राहा,” सिस्टर म्हणतात, आणि घड्याळ माझ्या शर्टाला, खिशाच्या वर लावू लागतात. पिन कापडात घालतात, बाहेर काढतात, पुन्हा घालतात, पुन्हा बाहेर काढतात. मी म्हणतो, सिस्टर, दोनदा कशाला, नवा शर्ट आहे. त्या म्हणतात, “एकदाच टोचलं तर बाळं ओढून काढतात.” पिनेचं टोक मला किंचित लागतं.

त्यांच्या हातात आता वही आणि पेन्सिल आहे. “वेळ सांग. बाळाची वेळ लिहायचीय.”

यात काय अवघड? मी घड्याळजी. वडील घड्याळजी. मी मान खाली घालतो. छातीवर लोंबणाऱ्या घड्याळाची मला नुसती कड दिसते. उचलायचं कसं म्हणून बोटं चाचपडतात, तर सगळीकडे मीना, सगळीकडे जलपऱ्या, जिथं दाबावं तिथं टवका उडण्याची भीती. “मोती धर,” सिस्टर म्हणतात. “तो शोभेला नाही दिलेला.”

मी मोती चिमटीत धरतो. बोट बरोबर बसतं, कारण मोत्याची एक बाजू झिजून सपाट झालीय. हे साफ करतानाही मी पाहिलं होतं, आणि मोती जुना आहे असं म्हणून सोडून दिलं होतं. मोती धरून मी घड्याळ वर उचलतो.

सहाचा आकडा वर आहे. बारा खाली.

मी पुन्हा बघतो. काटे दिसतायत, आकडे दिसतायत आणि वेळ काही कळत नाही. बाळ रडतंय. सिस्टर पेन्सिल धरून उभ्या आहेत, घाई करत नाहीत. मी डोकं वळवतो, खांदा पाडतो, मान डावीकडे मोडेस्तोवर कलती करतो, तेव्हा कुठे आकडे सरळ होतात.

“चार वाजून दहा,” मी म्हणतो, आणि माझ्या मानेत कळ येते.

त्या लिहून घेतात. मग खिशातून एक रबरी घड्याळ काढून माझ्यापुढे धरतात. ते मी ओळखतो. नर्सिंग कॉलेजातल्या एका मुलीचं आहे, कालच मी त्यात सेल टाकला. असली छातीवर लटकवायची घड्याळं मी वीस वर्षं विकतोय, डझनांनी. त्यांची डायल उलटी असते. ती तशी का असते हे मीच नव्या पोरींना समजावून सांगतो: बाळांनो, समोरच्यानं नाही बघायचं, तुम्ही खालून उचलून बघायचं, म्हणजे तुम्हाला सुलटं दिसतं. वीस वर्षं सांगतोय. आणि एकदाही, अगदी एकदाही, माझ्या डोक्यात हे घड्याळ आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका असतो.

विलायती कारागिरानं काही चूक केली नव्हती. चूक केली होती ती मी.

वऱ्हांड्याच्या पायऱ्या उतरलो की आमची गल्ली. साल एक्याऐंशी. कापडाच्या दुकानाबाहेर लोक जमलेत आणि मध्ये चोवीस वर्षांचा मी उभा आहे, भिंग अजून कपाळावर अडकवलेलं. तात्यांना जाऊन तीन महिने झालेत. त्या तीन महिन्यांत लोकांनी आपापली घड्याळं दुरुस्त न होताच परत नेली होती. तात्या गेले, त्यांच्याबरोबर हातही गेला, असं माझ्या पाठीमागे आणि काही जण माझ्या तोंडावरही म्हणत होते. मी दुकान विकून पुण्याला कारखान्यात लागायचं ठरवलंही होतं. त्यातच एक दिवस इंदूसिस्टर आल्या, छातीवरचं घड्याळ काढलं, आणि मागे पडतंय, बघ जरा, एवढंच म्हणाल्या. इतकं मौल्यवान घड्याळ, आणि दिलं ते माझ्या हातात.

मागचं झाकण उघडलं, मशीन साफ केलं, तेल दिलं. आणि मग ते कडीला धरून समोर लटकवून पाहिलं तर काय, बारा खाली, मोत्यापाशी. मला वाटलं, सापडलं. मशीन आत एका खिळीवर बसतं, आणि खिळीसाठी केसच्या, म्हणजे बाहेरच्या डबीच्या, कडेला खाच असते. मी कानस घेतली, बरोबर समोरच्या बाजूला नवी खाच पाडली आणि मशीन फिरवून बसवलं. बारा वर, माणकाखाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण त्या दिवशी माझा बैल गल्लीभर मिरवत होता.

“विलायतेच्या कारागिराची चूक आपल्या नगरनं काढली,” तो चोवीस वर्षांचा मी सांगतोय. लोक माना डोलावतायत. गर्दीच्या कडेला सिस्टर उभ्या आहेत, चहाचा ग्लास हातात, मान अजून सरळ. घड्याळ मी आदल्या संध्याकाळीच परत दिलेलं, त्यांनी सकाळीच ड्यूटीवर ते लावून पाहिलेलं असणार. सकाळीच कळलेलं असणार. कुणीतरी त्यांना विचारतं, काय सिस्टर, खरं का हे? त्या म्हणतात, “तात्यांचाच हात आहे.”

हे एक वाक्य मला आजही शब्दशः आठवतं. दुसऱ्या दिवशी तीन घड्याळं दुरुस्तीला आली. महिन्याभरात तात्यांची जुनी गिऱ्हाइकं परतली. दवाखान्यात आलेल्या बाया आणि त्यांची माणसं सिस्टरांच्या घड्याळाकडे बघायची, आणि सिस्टर सांगायच्या, तांबटांच्या पद्माकरनं केलंय. समोरून बघणाऱ्या प्रत्येकाला ते अगदी सुलटं दिसायचं. फक्त जिला वेळ बघायची होती तिला उलटं.

माझ्या शेजारी पायरीवर आता सिस्टर बसल्यात. समोरची गर्दी पांगलीय, आणि गल्लीच्या जागी चर्चच्या आवारातला चिंचेचा पार आहे. चिंचेची बारीक पानं त्यांच्या मांडीवर पडतायत. मला फार लाज वाटतेय. सांगितलं का नाही, असं मी विचारतो, पण ते विचारताना माझा आवाज चोवीस वर्षांचा निघतो.

“तेव्हा तू एक स्क्रू काढायचास आणि तीनदा हात पुसायचास,” त्या म्हणतात. “मी तोंड उघडलं असतं, तर चौथ्यांदा पुसून तू शटर ओढलं असतंस.”

“आणि नंतर? नंतर तर दुकान चाललं होतं.”

“नंतर तू ती गोष्ट इतकी रंगवून सांगायला लागलास, की मलाही ऐकायला आवडायला लागली.”

त्या खरोखरच मजेत हसतात. मला हसू येत नाही. मला आठवतंय, त्यांची मान कलती राहायला लागली तेव्हा मी दुकानात चार लोकांसमोर त्यांना चिडवायचो. सिस्टर, मान घेऊन या एकदा, तेल देऊन ठेवतो, असं म्हणायचो. एकदा नाही, दर भेटीला. हे मी त्यांना आता सांगतो आणि माफी मागायला लागतो, तर त्या हात हलवून थांबवतात. तो विनोद त्या वॉर्डात सांगायच्या म्हणे. कळा सोसणाऱ्या बायकाही हसायच्या.

“रिटायर होईपर्यंत सतरा वर्षं, सिस्टर.”

“एकाही बाळाची वेळ चुकली नाही, पद्माकर,” त्या म्हणतात, आणि हे मात्र त्या अभिमानानं म्हणतात. “मान वळवली, वेळ नीट पाहिली, मग लिहिली.”

मी म्हणतो, थांबा, आत्ता फिरवून देतो, जुनी खाच अजून असेल, दहा मिनिटांचं काम आहे. मी खिशावर हात नेतो. त्या उठतात, मांडीवरची पानं झटकतात. मला वेळ बघून कुठं जायचंय आता, असं म्हणतात आणि माझ्या शर्टावरची पिन काढायला वाकतात. अंबाड्याला खोबरेल तेलाचा वास आहे. मला सांगायचंय, की माझ्या आईनंसुद्धा मला इतकं सांभाळून घेतलं नसेल. पण स्वप्नात हव्या त्या वेळी तोंड उघडत नाही. दूर कुठेतरी लंबक ऐकू येतो.

आधी लंबक, मग सेलवरची, मग गजराची. सतराच्या सतरा घड्याळं परत येतात. चार वाजून बारा मिनिटं झालीत. शटरखालून ऊन आत आलंय. खुर्चीत वाकडा झोपल्यानं माझी मान डावीकडे धरलीय आणि ती सरळ होत नाही. घड्याळ मखमलीवर आहे, जसं ठेवलं होतं तसंच. कार्डही तसंच.

मी उठून तोंड धुतो, टॉवेल घेतो, आणि तेव्हा आरशात शर्ट दिसतो. सकाळी हिनं कपाटातून काढून दिलेला, नवाकोरा. खिशाच्या वर, एका ओळीत, चार बारीक भोकं. त्यांतल्या एकापाशी टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा ठिपका.

झोपेत मीच उठून घड्याळ लावलं असेल आणि परत काढून ठेवलं असेल. असेलही. पण मी घड्याळं आतून ओळखणारा माणूस, ती अंगावर कशी लावतात याच्याशी माझा कधी संबंध आला नाही. मी फार विचार करत बसत नाही. घड्याळ उचलतो, पिन त्याच चार भोकांतून घालतो आणि मोती धरून वर करतो. सहा वर. मान आधीच कलती असल्यामुळे मला वेळ पटकन दिसते, आणि मी तिथेच उभ्या उभ्या रडतो.

मग हात पुसतो आणि मागचं झाकण उघडतो. कारखान्याची जुनी खाच आहे तिथेच आहे, स्वच्छ, गुळगुळीत. समोर माझी खाच, कानशीचे ओरखडे दिसणारी. मशीन उचलून फिरवतो. खिळी जुन्या खाचेत टक् करून बसते, कुठेही जोर लावावा लागत नाही. कार्ड फाडतो आणि दुसरं घेतो. ते लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

अनुग्रहा पाचाच्या जरा आधीच येते. मी कार्ड तिच्या हातात देतो. त्यावर लिहिलंय: ‘हे घड्याळ उलटं नाही. लावणाऱ्याला ते सुलटं दिसतं. १९८१ साली मी, पद्माकर तांबट, ते चुकीनं फिरवलं. सिस्टर इंदुमती रणभिसे यांनी सतरा वर्षं मान वळवून वेळ पाहिली आणि मला कळू दिलं नाही.’

ती दोनदा वाचते. मग स्टुलावर बसते. आत्याच्या मानेसाठी आम्ही पुण्याला दोन डॉक्टर केले होते, म्हणते. दोघांनाही काही सापडलं नाही. मी म्हणतो, सापडणार कसं, दोष माझ्या टेबलावर होता. मला वाटतं ती रागावेल. ती कार्ड पर्समध्ये नीट ठेवते आणि डोळे पुसते.

“कपाटात जायच्या आधी एकदा लावून बघ,” मी म्हणतो.

ती घड्याळ हातात घेते. पिन कुर्त्याच्या कापडात घालते, बाहेर काढते, पुन्हा घालते, पुन्हा बाहेर काढते.

“दोनदा का?” मी विचारतो. माझा हात आपोआप खिशाच्या वर जातो आणि तिथेच राहतो.

“आत्यानं शिकवलंय,” अनुग्रहा म्हणते. “एकदाच टोचलं तर बाळं ओढून काढतात.”

मग ती मोती चिमटीत धरून घड्याळ वर उचलते आणि मान न वळवता वेळ सांगते. पाचला सात कमी.